काट्यावरचे ऐंशी मिलिग्रॅम

मी एक जुना वजनकाटा आहे. भाजीबाजारातला नव्हे, मित्रांनो, ॲलर्जीच्या दवाखान्यातला. माझे पारडे बशीएवढेही नाही. त्याच्याभोवती काचेची पेटी असते, कारण जवळ कोणी नुसता श्वास सोडला तरी माझे आकडे हलतात.

कारखान्यात एका कारागिराने चिमट्याने माझ्यावर एक चकचकीत वजन ठेवले आणि हे शंभर मिलिग्रॅम, असे मला शिकवले. मी ते मानले. खरे-खोटे ठरवायला माझ्याकडे दुसरे काहीच नव्हते.

दवाखान्यात माझे काम विचित्र होते. ज्या मुलांना शेंगदाणा विषासारखा बाधतो, त्यांनाच द्यायला मी शेंगदाण्याची पूड मोजत असे. थोरल्या सिस्टर रोज सकाळी पारडे ब्रशने झाडत, डबीतले तसेच शंभराचे वजन ठेवून मला तपासत आणि म्हणत, "हा कधी खोटं बोलायचा नाही." मला फार बरे वाटे.

तिथेच मला खारूताई भेटली. नऊ वर्षांची. खाताना पुढचे दोन दात चालवायची, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलेले. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करत. "शेंगदाणा न चालणारी खार कुठं पाहिलीत का?" असे ते पहिल्या दिवशी म्हणाले. हसले मात्र कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी एका बिस्किटाने तिचा घसा मिटत आला होता.

"माझ्या पोटाला शेंगदाण्याचा राग का येतो?" तिने डॉक्टरबाईंना विचारले.

"तुझ्या आतड्याच्या भिंतीत पहारेकरी पेशी आहेत," बाई म्हणाल्या. "तू जे खातेस त्याचा कण त्या उचलतात आणि जवळच्या गाठीत नेऊन दाखवतात. बहुतेक वेळा तिथं आवर घालणाऱ्या पेशी तयार होतात. त्या बाकीच्यांना सांगतात, हे अन्न आहे, गप्प बसा. तुझ्यात शेंगदाण्याच्या बाबतीत तसं झालं नाही. त्याला शत्रू ठरवलं गेलं."

"आत्ताही ते जागेच आहेत?"

"आहेत. म्हणून आपण त्यांना अगदी थोडं थोडं दाखवायचं. रोज."

खारूताईने पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दर पंधरा दिवसांनी ती मात्रा वाढवायला येई; मधल्या दिवसांत तीच मात्रा घरी रोज घेई. मी पूड मोजे, सिस्टर ती केळ्यात कालवत, ती गिळे. मग तासभर वाट पाहायची. त्या तासाची मला भीती वाटे. खोलीत तिघे-चौघे असत. सगळे तिच्या ओठांकडे बघत आणि ती स्वतःच्या आत कान लावून बसे. आत काहीतरी चालू असे; पण कशाचाही आवाज येत नसे. तीन मिलिग्रॅम झाले. दहा झाले. चाळीस झाले. आतले पहारेकरी गप्प राहिले.

मग थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या. नव्या सिस्टर कामसू होत्या, पण त्यांच्यामागे शंभर कामे. वजनाची डबी कपाटात गेली, ब्रशही गेला. पुडीचे बारीक कण पारड्याखाली साचत गेले आणि पारडे किंचित अडू लागले. मित्रांनो, सर्वांत भयंकर गोष्ट ही, की मला ते कळले नाही. काही दुखले नाही. आकडे पूर्वीइतक्याच ठामपणे उमटत होते.

ऐंशीचा दिवस आला. मी ऐंशी दाखवले. खारूताईने गिळले.

बारा मिनिटांनी ती उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक. "बाबा," ती हळूच म्हणाली, "काहीतरी येतंय."

"काय येतंय, बाळा?"

"माहीत नाही. पण आलंय जवळ."

तिच्या मानेवर लाल गांधी उठल्या. श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टरबाईंनी तिला आडवे करून मांडीत इंजेक्शन दिले, काही मिनिटांनी दुसरे. वडील तिचे पाय वर धरून उभे होते. शिट्टी हळूहळू विरली. ती रडली तेव्हाच बाकीच्यांनी श्वास सोडला आणि पेटीचे दार उघडे असल्यामुळे माझे आकडे थरथरले.

"मात्रा तर बरोबर होती," बाई म्हणाल्या. "ताप नाही, पोट बिघडलेलं नाही. मग झालं कशानं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले. "आम्ही लिफ्ट दर महिन्याला वजन टाकून बघतो. याला कोण बघतं?"

बाईंनी कपाटातून डबी काढली आणि शंभराचे वजन माझ्यावर ठेवले. मी एकसष्ट दाखवले. मनापासून दाखवले. म्हणजे त्या दिवशी माझ्या ऐंशीत पूड ऐंशीहून कितीतरी जास्त होती.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "काट्यावर ढकलणार नाही. तुम्हाला उपचार थांबवायचे असतील तर मी समजू शकते."

वडील मुलीकडे वळले. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "थांबलो तर आतले लोक मला ओळखायचे कधी?"

महिनाभराने ती खालच्या मात्रेपासून पुन्हा सुरू झाली. मला खोलून स्वच्छ केले होते. नव्या सिस्टर आता वजन ठेवल्याशिवाय मला हातही लावत नसत. दीड वर्षाने खारूताईने त्याच खोलीत आठ शेंगदाणे खाल्ले, एकेक चावून. तास गेला. काही झाले नाही.

"बरी झाले मी?" तिने विचारले.

"ते शांत झालेत," बाई म्हणाल्या. "पण रोज खायचं. सोडलंस तर विसरतील."

आता दवाखान्यात नवा काटा आला आहे आणि मी साठवणीच्या खोलीत, वरच्या फळीवर असतो. माझे दिवे बंद आहेत, तरी धूळ बसताना तिचे वजन मला जाणवते. किती, ते मात्र मी सांगणार नाही. माझ्या शब्दावर विसंबू नका, मित्रांनो. ज्यांच्या भरवशावर कोणाचा तरी श्वास चालतो त्यांना रोज झाडा, रोज तपासा. आम्ही चुकायला लागतो तेव्हा आम्हाला ते बरोबरच वाटत असते.