विल्मेरला शोधत फिरलेली बॅग

मी एक जुनी निळी बॅग आहे. मित्रांनो, बॅगेला कसले आले आहे आयुष्य, असे तुम्हाला वाटत असेल तर त्यात तुमचा दोष नाही. आमची आठवण माणसांना फक्त प्रवासाच्या आदल्या दिवशी होते. एरवी आम्ही पलंगाखाली धूळ खात पडलेल्या असतो.

माझे जाड कापड पेरू देशातल्या लिमाच्या एका कारखान्यात शिवले गेले आणि सीमेवरच्या बाजारातून मी इक्वेडोरमधल्या लोखा गावी आले. माझी मालकीण यादिरा सारांगो. पूल बांधण्याचे पुढचे शिक्षण घ्यायला तिला स्पेनमध्ये, सालामांका इथे प्रवेश मिळाला, तेव्हा तिच्या आईने मला आणले. "मजबूत आहे हो, हत्ती बसला तरी फाटायची नाही," असे शेजारणी माझ्या पाठीवर थापा मारून म्हणाल्या. त्या दिवसाएवढे कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आले नाही.

आमच्या गल्लीत कोणी युरोपला निघाले की त्याची बॅग त्याची राहत नाही. ज्याचे त्याचे कोणी ना कोणी तिकडे राबायला गेलेले. मग हिच्या बहिणीसाठी कॉफी, त्याच्या भाच्यासाठी काढ्याच्या वाळलेल्या पाल्याची जुडी. यादिराची पुस्तके बाहेर निघाली, हिवाळ्याचे बूट बाहेर निघाले आणि गल्ली माझ्यात येऊन बसली.

"अहो, मी सालामांकाला चाललेय, ही माणसं लोर्काला नि जेनोआला राहतात!" यादिरा कळवळून म्हणाली.

"मग? एकाच युरोपात ना?" शेजारच्या ओल्गाबाई म्हणाल्या. "सकाळी जायचं, दुपारी देऊन यायचं. शिकलेली पोर तू, एवढं जमत नाही?"

सगळ्यांत शेवटी दोन्या क्लेमेन्सिया आल्या; ‘दोन्या’ म्हणजे आमच्याकडे मानाचे ‘बाई’. त्या यादिराची मद्रिना, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी तिला कडेवर घेतलेली धर्मआई. गूळ आणि शेंगदाण्याच्या वड्या करून बाजाराच्या कोपऱ्यावर विकायच्या. नवरा कधीच गेला होता. एकुलता एक मुलगा विल्मेर स्पेनमध्ये भाजीच्या मळ्यांत कामाला गेला, आधी दर रविवारी फोन करायचा, मग तिकडची कामे बसली, तो दुसऱ्या कुठल्या देशात गेला आणि फोन यायचे बंद झाले. याच विल्मेरने लहानपणी यादिराला खांद्यावर बसवून शाळेत पोचवले होते.

"रिकाम्या हातानं आईशी बोलायला लाजतो गं तो," दोन्या क्लेमेन्सिया म्हणाल्या. "बापासारखाच आहे, ताठ. तू त्याला शोध. या वड्या दे आणि सांग, आईला पैसे नकोत, आवाज पाहिजे."

"शोधीन, मद्रिना."

"वचन दे."

यादिराने वचन दिले. दोन्या क्लेमेन्सियांनी वड्यांचा डबा आणि एक भाजलेला कुई, आमच्या डोंगरात खाण्यासाठी घरी पाळतात तो गिनीपिग, चांदीच्या कागदात गुंडाळून माझ्यात ठेवला.

कुई माद्रिदच्या विमानतळापलीकडे गेला नाही. तिथल्या कुत्र्याने माझ्यावर असा आरडाओरडा केला की मला लाजेने मेल्यासारखे झाले. अधिकाऱ्याने कागद उघडला, आतले चारही पाय आणि दात पाहिले आणि दोन पावले मागे सरला.

"हा उंदीर आहे का?"

"नाही साहेब, कुई आहे. सणाचं जेवण आहे."

"कोणाच्या सणाचं?" असे म्हणून त्याने तो पिंपात टाकला. वड्या तेवढ्या वाचल्या.

सालामांकातल्या खोलीत मी पलंगाखाली गेले. मित्रांनो, परदेशी शिकायला गेलेल्या मुलीचे दिवस पलंगाखालून फार वेगळे दिसतात. घरी पाठवलेल्या फोटोंत सोनेरी दगडांचे चौक होते. मला दिसायचे ते थंडीने एकमेकांवर घासणारे तिचे पाय. वर्गात ती बोलायला लागली की तिच्या डोंगरी उच्चारांवर मुले हसायची. हळूहळू तिने प्रश्न विचारणे सोडून दिले. रविवारी मात्र आईशी बोलताना तिचा आवाज एकदम फुलायचा. "मजेत आहे! आज काय काय पाहिलं सांगू?" तिने त्या दिवशी काहीच पाहिलेले नसायचे. खोटे बोलायची सवय अशी मायेपोटीच लागते, हे मी तिथे शिकले.

सुट्ट्या लागल्या की आम्ही निघायचो. तिच्या वर्गातली मुले संग्रहालये पाहायला जायची आणि यादिरा मला ओढत विल्मेरला शोधायला जायची. लोर्काला ओल्गाबाईंची बहीण भेटली. कॉफी मिळाल्यावर ती पाकिटाला नाक लावून रडली. विल्मेर जेनोआला गेला, एवढेच तिला ठाऊक होते. नाताळात आम्ही जेनोआला गेलो. बसच्या पोटात इतर बॅगांखाली दबून माझे एक चाक मोडले. तिथे म्हाताऱ्यांची सेवा करणारी फानी नावाची आमच्याकडची बाई होती.

"विल्मेर? तो बेल्जियमला गेला की. अँटवर्पला, बांधकामावर," ती म्हणाली. मग तिने यादिराकडे नीट पाहिले. "तुला त्याच्या आईनं पाठवलंय?"

"हो."

"मग तिकडेच जाऊन विचार, बाई," असे म्हणून ती घाईघाईने कामाला निघून गेली.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही अँटवर्पला पोचलो. पाऊस नव्हता, ऊनही नव्हते, आभाळ नुसते राखाडी होते. बंदरामागच्या एका घरात आमच्याकडची बांधकामावरची माणसे एका खोलीत दाटीवाटीने राहत होती. त्यांतल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचे नाव सेगुंदो; मोठ्या माणसाला आमच्याकडे मानाने ‘दोन’ म्हणतात, म्हणून दोन सेगुंदो. यादिराने विल्मेरचे नाव काढताच त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"पडला, पोरी. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. परांचीवर बर्फ होता आणि बाजूला कठडा नव्हता. नगरपालिकेनंच पुरला त्याला, कुठंतरी शहराबाहेर."

यादिरा जमिनीवरच बसली. परांची आणि कठडे हाच तर तिच्या अभ्यासाचा विषय होता.

म्हणजे लोखाला दोन्या क्लेमेन्सिया माझ्यात वड्या ठेवत होत्या, तेव्हा विल्मेरला जाऊन कित्येक महिने झाले होते.

"त्याच्या आईला कोणी कळवलं नाही?" तिने विचारले.

"मला वाटलं, आमच्यातला लुचो कळवेल. लुचोला वाटलं जेनोआची फानी कळवेल." दोन सेगुंदो टोपी हातात फिरवत राहिले. "आणि अशी गोष्ट फोनवर कोण सांगतं गं? दारात उभं राहून, हात धरून सांगायची असते ती. आमच्यापैकी कोणाकडे कागदपत्रं नाहीत. इथून निघालो तर परत येता येणार नाही. आता देवानं तुला धाडलंय."

त्यांनी पलंगाखालून एक काळी पिशवी ओढली. तीत विल्मेरचे जाकीट होते, दोन सदरे होते, एक पँट आणि एक विणलेली टोपी होती. "खुंटीवर होते. तसेच पिशवीत भरले, धुतले नाहीत आम्ही," ते म्हणाले. जाकिटाच्या कोपरांवर सिमेंट वाळले होते. सदऱ्यांच्या कॉलरी घामाने पिवळ्या पडल्या होत्या. ती पिशवी माझ्यात आली आणि माझ्या साऱ्या अस्तराला तो वास लागला.

स्टेशनवर यादिराचा फोन वाजला. रविवार होता. तिच्या आईच्या फोनवरून दोन्या क्लेमेन्सिया बोलत होत्या.

"भेटला का गं?"

यादिराचा हात माझ्या मुठीवर होता.

"भेटला, मद्रिना."

"देवा! कसा दिसतो?"

"बारीक झालाय."

"खात नसेल मेला. वड्या दिल्यास?"

"दिल्या."

"दे बरं फोन त्याला. एक शब्द बोलू दे."

"कामावर गेलाय."

"रविवारी?"

"हो. रविवारीपण."

पलीकडे दोन्या क्लेमेन्सिया हसल्या. मी त्यांना तसे हसताना कधी ऐकले नव्हते. "गाढव आहे! सांग त्याला, आई तुझ्या खोलीला चुन्याचा हात देऊन ठेवते म्हणावं."

फोन ठेवल्यावर यादिराने माझ्यातून वड्यांचा डबा काढला. वड्या आता दगडासारख्या झाल्या होत्या. बाकावर बसून तिने त्या एकेक करून सगळ्या खाल्ल्या. ती रडत होती आणि चावत होती. येणारे-जाणारे पाहत होते आणि पुढे जात होते.

त्यानंतर दर रविवारी तिकडून नवी बातमी यायची. खोली चुन्याने पांढरी झाली. पलंग दुरुस्त झाला. दोन्या क्लेमेन्सिया साऱ्या बाजाराला सांगत सुटल्या होत्या, पोरगा सापडला म्हणून. यादिरा दर वेळी म्हणायची, आता सांगते, आणि दर वेळी म्हणायची, नको, घरी जाऊन सांगते, हात धरून सांगते. परीक्षेत ती कशीबशी पास झाली. पुलांवरचे पुस्तक उघडे ठेवून ती भिंतीकडे बघत बसायची.

निघायच्या आधी तिने काळी पिशवी उघडली. तो वास खोलीभर पसरला. "असे कसे नेऊ?" ती स्वतःशीच म्हणाली. तिने सगळे कपडे वसतिगृहाच्या यंत्रात धुतले, डाग गेले नाहीत म्हणून पुन्हा धुतले, कोपरांवरचे सिमेंट नखांनी खरवडून काढले, इस्त्री केली आणि नव्यासारख्या घड्या घालून माझ्यात ठेवले. मित्रांनो, मलाही तेव्हा बरे वाटले. स्वच्छ कपडे कोणत्या बॅगेला आवडत नाहीत?

लोखाला पोचलो तेव्हा सारी गल्ली दारात होती. आमच्याकडे परतलेली बॅग सगळ्यांसमोर उघडतात, आणि ती मानाच्या बाईने, म्हणजे मद्रिनेने, उघडायची असते.

"मद्रिना, आधी तुमच्या घरी चला ना," यादिरा म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचंय."

"बोलशील गं! वर्षभर फोनवर बोललीसच की!" दोन्या क्लेमेन्सियांनी चर्चला जातानाची शाल पांघरली होती. त्या माझ्यासमोर गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी माझी चेन ओढली.

वर जाकीट होते. त्यांनी ते उचलून सगळ्यांना दाखवले. खाली सदरे होते.

"क्लेमेन्सिया, पोरानं तुला धुणं पाठवलंय बघ!" ओल्गाबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. दोन्या क्लेमेन्सियाही हसल्या.

"जाकीट कशाला पाठवलं यानं? तिकडे थंडी असते ना?" त्या म्हणाल्या. मग त्यांच्या हाताला टोपी लागली. ती त्यांनीच विणलेली होती. त्यांनी पँट बाहेर काढली, तळापर्यंत हात घालून पाहिला. गल्लीतले हसणे हळूहळू थांबले. जिवंत माणूस आपले सगळे कपडे पाठवून देत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होते.

"कधी?" दोन्या क्लेमेन्सियांनी विचारले.

यादिराने त्यांचा हात धरला. "मी इथून निघायच्या आधीच, मद्रिना. कामावर पडला."

"आणि ईस्टरला तू मला सांगितलंस, बारीक झालाय."

"हो."

"मृतांच्या दिवशी त्याच्या बापाच्या थडग्यावर मी पाव नेला. पोराला नाही नेला. तो उपाशी राहिला. ईस्टरनंतर तरी त्याच्या नावानं मेणबत्ती लागली असती. मी त्याची खोली पांढरी करत बसले." त्यांचा आवाज मोठा नव्हता. त्यांनी हात सोडवून घेतला, एक सदरा उचलला आणि त्यात तोंड खुपसले. एकदा हुंगले, पुन्हा हुंगले. मग त्यांनी मान वर केली.

"साबण," त्या म्हणाल्या. "धुतलेस?"

"खूप मळले होते, मद्रिना. मला वाटलं, तुम्हाला असे कसे..."

"माझ्या पोराचा मळ होता तो."

आमच्या डोंगरात माणूस गेला की पाचव्या दिवशी घरचे लोक त्याचे कपडे नदीवर नेऊन धुतात. त्याचा घाम, त्याचे कष्ट पाण्याबरोबर जातात आणि मागे राहिलेल्यांना मोकळे रडता येते. हे धुणे आईचे असते किंवा बायकोचे. परक्याने त्याला हात लावायचा नसतो. यादिरालाही हे लहानपणापासून माहीत होते. इतक्या दूर, एका अनोळखी यंत्रासमोर उभी असताना तिला ते आठवले नाही.

तरीही बातमी कळल्यापासून पाचव्या दिवशी सगळे नदीवर गेले. मला यादिरानेच वाहून नेले. दोन्या क्लेमेन्सिया पाण्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी जाकीट दगडावर घासले, सदरे घासले, टोपी पिळली. एरवी बायका काठावरून पाण्यात उतरणारा गढूळपणा पाहतात आणि गेलेल्याच्या कष्टांची आठवण काढून रडतात. त्या दिवशी पाणी नितळच राहिले. त्या घासत राहिल्या, पुन्हा पुन्हा घासत राहिल्या, बोटे सोलून निघाली तरी घासत राहिल्या. काठावरच्या बायकांना कशाची आठवण काढून रडावे ते सुचेना. कोणी रडले नाही.

पुरायला देह नव्हता. म्हणून ओले कपडे वाळल्यावर ते माझ्यातच ठेवले आणि दफनभूमीच्या भिंतीत, विल्मेरच्या बापाच्या थडग्याशेजारच्या रिकाम्या कोनाड्यात मला सरकवून वरून विटा लावल्या. मी आता तिथेच आहे. दर आठवड्याला विटांपलीकडे दोन्या क्लेमेन्सियांची पावले येतात. यादिराची पावलेही येतात, पण दोघी कधी एकत्र येत नाहीत.

मित्रांनो, बॅगा सांभाळा, त्यांच्या चाकांना तेल द्या, असे मी तुम्हाला सांगायला हवे होते. पण माझे एवढेच मागणे आहे. कोणाच्या आईसाठी कधी वाईट बातमी तुमच्या हाती आली, तर ती धुऊ नका, इस्त्री करू नका. आहे तशी, लगेच, तिच्या हातात द्या. तिच्या मुलाचे एवढेच काय ते तिच्यासाठी उरलेले असते.