उजव्या खांद्यामागचा व्हॉल्व्ह

दंतवैद्यांचा उजवा खांदा आखडला आहे, ही गोष्ट दंतवैद्य सोडून सगळ्यांना माहीत होती. शर्ट घालताना उजवी बाही बायको धरायची. वरच्या फळीवरचा डबा ते डाव्या हाताने काढायचे आणि 'त्या हातालाही काम हवं' असं म्हणायचे. जन्मभर लोकांच्या जबड्यांत वाकून बघणाऱ्याला खांदा कधीतरी जाब विचारणारच. डॉक्टरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं, इतकंच.

न देण्याला कारण होतं. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत पाणी साठून खोल तळं झालं होतं आणि दर रविवारी डॉक्टर मेहुण्याबरोबर तिथे डायव्हिंगला जात. मेहुणा वकील. डॉक्टरांसमोर दिवसभर तोंड उघडून बसलेल्यांना बोलता येत नसे आणि वकिलासमोर बसलेले बोलायचे थांबत नसत. त्यामुळे तोंडात रबराची नळी धरून तासभर गप्प राहण्याचं सुख दोघांनाही सारखंच मानवलं होतं.

दोघांच्याही पाठीवर जोडटाक्या असत. याला बॅकमाउंट म्हणतात. दोन टाक्या वरच्या आडव्या नळीने एकमेकींना जोडलेल्या, प्रत्येकीची श्वासाची नळी वेगळी आणि व्हॉल्व्ह डोक्याच्या मागे. एखादी नळी फुटली, तर हात मागे नेऊन त्या बाजूचा व्हॉल्व्ह आपला आपण बंद करायचा, नाहीतर हवा बघता बघता निघून जाते. म्हणून खोल जाण्याआधी उथळ पाण्यात दोघंही याची तालीम करत. ज्याला व्हॉल्व्ह बंद करता आला नाही, त्याने खोल पाण्यात यायचं नाही, असा नियम होता. नियम डॉक्टरांनीच केला होता, खांदा धड असताना.

खाणीवर शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा विषय काढून पाहिला.

"डॉक्टर, साइडमाउंट करून बघा ना. एक टाकी या काखेखाली, दुसरी त्या. व्हॉल्व्ह छातीशी येतात, डोळ्यांना दिसतात. हात मागे न्यायलाच नको."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"काही नाही हो. मी आपलं सहज."

"आणि काखोटीला टाक्या मारून फिरायला मी काय भाजी आणायला निघालोय?"

"भाऊजी," वकील म्हणाला, "तुम्ही भाजी आणताना ताईने तरी अजून पाहिलेलं नाही."

डॉक्टरांनी मग साइडमाउंटचे दोष सांगितले. त्यात टाक्या वेगवेगळ्या राहतात. दोन्ही सारख्या संपाव्यात म्हणून कधी ही नळी तोंडात घ्या, कधी ती. पाठीवर कसं एकदा चढवलं की झालं. शिवाय तालीम दर रविवारी बिनचूक पार पडते, मग बदलायचं कशाला?

तालीम खरोखरच पार पडत होती. डॉक्टर उजवा हात मागे न्यायचे. जाड हातमोज्यांत बोटं काय करतात हे बोटांनाही कळत नाही, पण ते जोर लावून काहीतरी पिरगाळायचे आणि दोन श्वासांत नळीतली हवा बंद व्हायची. मग दुसरी नळी तोंडात धरून ते ऐटीत मागे वळायचे. मागे वकील असायचा. बुडबुडे कुठून गळत नाहीत ना, हे मागूनच दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं.

एका रविवारी सर्दीने वकिलाच्या कानाला दडा बसला. तो काठावर मफलर गुंडाळून बसला आणि डॉक्टरांबरोबर मॅडम उतरल्या. त्या शिस्तीच्या बाई, त्यामुळे समोर राहिल्या.

डॉक्टरांनी हात मागे नेऊन पिरगाळलं. हवा येतच राहिली. आणखी जोर लावला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, हवा मजेत येतच राहिली. हात कानाशी अडकला होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, डॉक्टरांना पाण्याखाली नीट ऐकू येत नाहीये.

"व्हॉल्व्ह जाम झालाय," काठावर येऊन बसल्यावर ते म्हणाले.

मॅडमनी मागून तो दोन बोटांनी फिरवला. लोण्यासारखा फिरला.

"मग इतके दिवस..." डॉक्टरांनी वकिलाकडे पाहिलं. वकील आपल्या बुटांची नाडी तपासत होता. "तू?"

"मागच्या उन्हाळ्यापासून."

"अरे, पण का?"

"नियम तुमचा, भाऊजी. तुम्ही वर बसला असता. मग मी खाली कुणाबरोबर जायचं? पण चुकलंच माझं. मी पुढे असताना तुमची नळी फुटली असती तर? त्या भीतीने मी तुमच्यापुढे जायचंच सोडलं."

वकील पोहायला फार मंद आहे, असं डॉक्टर सासरच्या माणसांत चारचौघांसमोर सांगत आले होते. त्या वेळी वकील हसायचा.

डॉक्टरांना रागवायचं होतं. त्यासाठी त्यांनी तोंडही उघडलं, पण आत काही सापडेना. तळाशी उभी असलेली गंजकी क्रेन, तिच्या आडोशाला राहणारे मासे, दुपारी वरून तिरपा उतरणारा हिरवा उजेड, हे सगळं ते वर्षभर दुसऱ्याच्या दोन बोटांवर पाहत आले होते.

"तुझ्या ताईला माहीत आहे?"

"खांद्याचं तिनेच सांगितलं. लक्ष ठेव म्हणाली. मी कसं लक्ष ठेवतोय ते तिला सांगू नका, घरात घेणार नाही मला."

डॉक्टरांनी पाठीवरच्या जोडटाक्यांचे पट्टे सोडले. मग म्हणाले, "मॅडम, ते काखेतलं दाखवा बघू."

शिकणं सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी एक टाकी पोटाखाली सरकली, दुसरी पाठीकडे, आणि त्या दोघींनी डॉक्टरांना हळूच कुशीवर निजवलं. कोणती नळी चालू आहे, याचाही विसर पडायचा. पण तालमीच्या दिवशी त्यांनी छातीशी असलेला व्हॉल्व्ह स्वतः बंद केला, स्वतःच्या डोळ्यांनी बघत. मॅडमसमोर केला, मग वकिलासमोर पुन्हा एकदा, त्याने सांगितलं नसताना.

खोल उतरायच्या रविवारी ते कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. डावी टाकी त्यांनी अडकवली. उजवीची मागची कडी लागेना.

"वकील, ही जरा लावून दे."

वकिलाने इकडेतिकडे पाहिलं. "इथे? सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर." कडी लागल्याचा आवाज आला. "आणि ऐक. फार केलंस तू माझ्यासाठी. चुकीचं केलंस, पण फार केलंस."

"हे ताईसमोर म्हणाल?"

"म्हणेन. आता पुढे हो."

वकील पुढे झाला. पाण्याखाली गेल्यावर त्याने एकदाच मागे वळून पाहिलं, डॉक्टरांनी हाताने 'जा' म्हटलं आणि तो असा सुटला, की त्याला गाठता गाठता डॉक्टरांची दमछाक झाली.