उशाकडची भिंत

याउ सिफू, फेंगशुईचे गुरुजी, आमच्या दैनिकात दर गुरुवारी ‘घर’ पानावर चारशे शब्द लिहितात. पलंग कुठे असावा, बाथरूमचं दार कुणीकडे उघडू नये, आरसा कुठे टांगू नये. तो मजकूर नऊ वर्षं मी तपासतो आहे. शुद्धलेखन बघायचं, दिशा नकाशाशी ताडून घ्यायच्या, सव्वासहाला पान छपाईला सोडायचं. पूर्वेच्या जागी पश्चिम छापलं गेलं, तर शुक्रवारी दुसऱ्या पानावर दुरुस्ती जाते. अशा तीन दुरुस्त्या गेल्या. चौथी कधी छापून येणार नाही.

शाम शुई पोमध्ये अकराव्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर आहे. आई, मी आणि माझी बायको पुई-शान. आम्हा नवराबायकोच्या खोलीची नैऋत्येची भिंत आणि बाथरूमची भिंत एकच होती. पलंग लावायला दुसरी जागा नव्हती. समोर खिडकी, आणि उलटा लावावा तर पाय थेट दाराकडे. तसे पाय घरातून शेवटचं बाहेर नेतानाच करतात. त्यामुळे सहा वर्षं आम्ही बाथरूमच्या भिंतीला डोकं लावून झोपलो. आईची खोली स्वयंपाकघराच्या बाजूला, कोरडी, सकाळी ऊन येणारी.

पुई-शानचं बाळ दोनदा पडलं. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात, तिसऱ्या महिन्यात. तिची मावशी भेटायला आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, “उशाला संडास ठेवायचा आणि बाळ टिकावं म्हणायचं! कोणी शिकवलं तुम्हाला? हा जावई तर पेपरात हेच छापतो म्हणे.”

पुई-शानने आईची खोली मागितली नाही. तिने फक्त एक टॉवेल घडी करून पलंगाची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये खोचायला सुरुवात केली. रोज सकाळी काढायची, रोज झोपताना खोचायची.

मी आईला विचारायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. नववर्ष आलं आणि गेलं. जेवताना मी तोंड उघडायचो आणि मासळीची बशी इकडे दे म्हणायचो. ती नाही म्हणेल अशी भीती नव्हती. आपण आईला तिच्या खोलीतून उठवतो आहोत, हे मला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

एप्रिलमध्ये, पितरांच्या थडग्यांची झाडलोट करून आल्यानंतरच्या आठवड्यात, मी याउ सिफूंना चहाला नेलं.

“सिफू, एकदा आमच्या घरी या. पाहणी करा. आणि आईला सांगा, तिने आमच्या खोलीत झोपावं, आम्ही तिच्या.”

त्यांनी हातातला पाव बशीत ठेवला. “म्हणजे निकाल तू लिहिलास. मी फक्त सही करायची.”

“तसं समजा.”

“नऊ वर्षं माझ्या दिशा तपासतोस, आता देणारही तूच? बरं. साल काय तिचं?”

“एकोणीसशे सेहेचाळीस. कुत्र्याचं साल.” आमच्याकडे बारा सालांना बारा प्राण्यांची नावं असतात. दवाखान्याच्या कागदांसाठी आईच्या ओळखपत्राची नक्कल माझ्या पाकिटात असते. मी ती काढून दाखवली.

सिफूंनी बोटांवर हिशोब केला आणि हसले. “सुटलास. सेहेचाळीसच्या बाईला नैऋत्य म्हणजे वैद्याची दिशा. बाथरूम वाईट, ते वाईटच. पण दिशा लाभते. मला खोटं बोलायला नको. अर्धं खरं आहे ते मी मोठ्याने बोलेन, उरलेलं गिळेन.”

ते अर्धं खरं मला पुरलं.

ते रविवारी आले. आईने चहा केला, संत्री चिरून ठेवली. सिफूंनी पिशवीतून लाकडी होकायंत्र काढलं, दोन्ही खोल्यांच्या मधोमध उभं राहून सुई स्थिर होऊ दिली, बाथरूमचं दार दोनदा उघडून मिटलं. काहीच विचारलं नाही. मग बसले आणि म्हणाले, “लेउंगबाई, तुम्ही कुत्र्याच्या सालातल्या. तुम्हाला नैऋत्य फार चांगली. त्या खोलीत तुम्ही झोपा. ही दोघं इकडे येऊ देत. सगळ्यांचं भलं होईल.”

आई त्यांच्या कपात चहा ओतत होती. तिने आधी कप पूर्ण भरला.

“कुत्र्याच्या सालातली,” ती म्हणाली.

“हो.”

“बरं. सिफू, एक विचारू? माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बैलाच्या सालातली बाई तिथे झोपली तर?”

“छे! तिने अजिबात झोपायचं नाही. तिला नैऋत्य म्हणजे आयुष्य तोडणारी दिशा. वर उशाला संडास. का, मैत्रीण आहे का कोणी?”

“आहे ओळखीची,” आई म्हणाली. “हट्टी आहे. ऐकायची नाही.”

मला वाटलं, सहाव्या मजल्यावरच्या फुंगमावशी. त्या माहजाँग खेळायला येतात आणि कुणाचंच ऐकत नाहीत.

पुई-शानने आईचा हात धरला. “आई, खरंच चालेल ना तुम्हाला? मला बरं नाही वाटत.”

“अगं, वैद्याची दिशा म्हणतात सिफू. गुडघ्यांचं औषध फुकट मिळत असेल तर मी कशाला नको म्हणू?”

सिफू संत्र्याची फोड खात होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्याच दुपारी आम्ही सामान हलवलं. दिवसभर लागेल असं वाटलं होतं, तासाभरात झालं. आईचं कपाट अर्धं रिकामंच होतं. बरेचसे कपडे आधीच पिशव्यांत, वर दोरी बांधलेले. मला त्याचं बरंच वाटलं.

जुलैमध्ये पुई-शानने सांगितलं की दिवस गेले आहेत. त्या दिवसापासून घरातली एकही वस्तू जागची हलली नाही. गर्भदेव कधी दारात असतो, कधी चुलीपाशी, कधी पलंगात; त्याला धक्का लागला की बाळाला लागतो. खिळा ठोकायचा नाही, पलंगावर कात्री ठेवायची नाही. मी एकदा पुसायला म्हणून चपलांची मांडणी सरकवली, तर आई स्वयंपाकघरातून पळी घेऊन आली.

“ठेव खाली! आधी सिफूला बोलावतोस आणि मग कपाटं ढकलतोस?”

पुई-शान हसली. त्या वर्षात ती पहिल्यांदाच इतकी हसली.

सप्टेंबरात चौथा महिना लागला. सुखरूप बाळंतपणासाठी कुन याम देवीच्या देवळात नावं द्यायची म्हणून आई निघाली. मला सुट्टी होती, मी बरोबर गेलो. देवळाच्या बाकावर बसून तिने लाल चिठ्ठीवर घरातल्या सगळ्यांची नावं आणि जन्मसालं लिहिली. पुई-शानचं, माझं, शेवटी स्वतःचं. हातात कागद आला की मी वाचतोच, सवय आहे.

“आई, इथे चुकलंय. तू बैल लिहिलंस. एकोणपन्नास.”

“चुकलं नाही.”

“तुझं सेहेचाळीस आहे.”

“ते कार्डाचं. बासष्टमध्ये इकडे आले तेव्हा तेरा वर्षांची होते. प्लास्टिकच्या फुलांच्या कारखान्यात सोळाच्या खाली घेत नव्हते. मुकादमाला सोळा सांगितलं. मग कार्डावर तेच, मग तुझ्या वडिलांनाही तेच. एकदा सांगितलं की तेच चालवावं लागतं.” तिने चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. “देवीला कार्ड दाखवून भागत नाही.”

मला तिच्या मनगटावरचा लाल दोरा आठवला. सत्त्याण्णवमध्ये तो वर्षभर होता. ब्रिटिश शहर सोडून चालले होते, पुढे काय होणार कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून बांधला असेल असं मी समजलो. दोन हजार नऊमध्ये पुन्हा तोच दोरा. तेव्हा मी विचारलंही नव्हतं. दोन्ही वर्षं बैलाची. दर बारा वर्षांनी स्वतःच्या प्राण्याचं साल आलं की अनिष्ट टाळायला लोक तो बांधतात, हे मी स्वतः चार वेळा छापलं आहे.

“म्हणजे सिफू आले त्या दिवशी…”

“तो माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. माझं साल त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बसला आणि म्हणाला, कुत्रा. कार्डाची नक्कल कुणाच्या पाकिटात असते?”

शेजारी एक बाई उदबत्त्यांचा जुडगा पेटवत होती. तो एकदम पेट घेईना, ती पुन्हा पुन्हा काडी ओढत होती.

“कळलं होतं तर तेव्हाच का नाही बोललीस?”

“काय बोलायचं होतं? सिफू, माझा पोरगा लबाड आहे, तुम्ही संत्रं घ्या?”

“आई, ती दिशा तुला…”

“ऐकलं मी. मीच तर विचारलं होतं.” तिने चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुई-शानच्या नावातली एक रेघ ठळक केली. “त्या पोरीचा टॉवेल मी डिसेंबरातच पाहिला होता. नववर्षाआधीच माझे कपडे भरून ठेवले. रोज जेवताना वाटायचं, आज विचारेल. तू मासळी मागायचास.”

हे ती रागाने म्हणाली नाही. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

“आज संध्याकाळी पलंग परत बदलू,” मी म्हणालो.

“हात लावून बघ पलंगाला! दोन गेलेत. बाळ व्हायचं, त्याचा महिना व्हायचा, तोवर काही हलणार नाही.”

“निदान पुई-शानला सांगतो.”

“कशासाठी? तुला हलकं वाटावं म्हणून?” ती उठली आणि गुडघा धरून क्षणभर थांबली. “तिला काही सांगू नकोस. सुखाने झोपते आहे.”

आठ दिवस मी ऐकलं. नवव्या दिवशी पुई-शानला सांगितलं. ती भाजी निवडत होती. शेवटपर्यंत तिने मान वर केली नाही. मग म्हणाली, “तुला विचारता येत नव्हतं? एवढंच?” थोड्या वेळाने तिने देठं वर्तमानपत्रात गुंडाळली. “आणि आता मला का सांगितलंस? आता तर मला पलंग हलवताही येत नाही.”

आईनेही हेच विचारलं होतं.

पुई-शानने आईपाशी तो विषय काढला नाही. आईनेही काढला नाही. जेवणं पूर्वीसारखीच होतात. आईला खोकला झाला की पुई-शान चमचा खाली ठेवते आणि माझ्याकडे बघते. खोकला दोन दिवसांत बरा झाला. साधा होता. तरी मी कार्यालयातून दिवसात तीनदा फोन केला.

रविवारी आई जेवून तासभर पडते. मागच्या महिन्यात एका रविवारी पुई-शान बाथरूममधून बाहेर आली आणि फ्लशचा आवाज आला नाही. आत गेलो तर बादली भरलेली होती, वर मग तरंगत होता. तिने मगाने हळूहळू पाणी ओतलं होतं. मीही तसंच केलं. पुढच्या रविवारीही. आम्ही त्याबद्दल एकमेकांशी बोललो नाही. नळाची धार बादलीच्या कडेला लागून सोडली तर आवाज होत नाही, हे मात्र मी तिला दाखवलं.

काल मी बादली भरत होतो आणि ती मग धरून उभी होती. सहावा महिना आहे, वाकायला तिला जड जातं, म्हणून ओतायला मी घेतलं. पहिला मग ओतला. दुसरा ओतला.

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. ओरडली नव्हती. त्या भिंतीतून न ओरडताही सगळं ऐकू येतं. सहा वर्षं तिथे झोपलेल्या माणसाला ते ठाऊक असतं.

“आ-हांग.”

“हं, आई.”

“फ्लश कर. वास येतोय इकडे.”

पुई-शानने माझ्या हातातून मग काढून घेतला. मी कळ दाबली. टाकी पूर्ण रिकामी व्हायला बारा सेकंद लागतात. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.