चाक सरळ धर

व्हॅलेरीची पांढरी गाडी उत्तनजवळच्या चौक गावात शिरली, की आधी तिचं स्टिअरिंग कण्हायचं आणि मग व्हॅलेरी हाक मारायची, "मेल!"

क्लेअरच्या नवऱ्याला सगळं गाव मेल्रॉयच म्हणायचं. मेल म्हणणारी ही एकटीच. कधीकाळी या दोघांच्या लग्नाची बोलणी झाली होती, हे क्लेअरच्या कानात तिच्याच लग्नाच्या मांडवात कुणीतरी घालून ठेवलं होतं. आता व्हॅलेरी मीरा रोडला टॉवरमध्ये राहते. वाटेतली सगळी गॅरेजं सोडून मेल्रॉयकडे येते. आधी ब्रेक, मग बॅटरी, आज चाकं वळवणारा स्टिअरिंगचा रॅक.

"सील गेलंय, तेल गळतंय. अख्खा रॅक बदलतो," मेल्रॉय गाडीखालून म्हणाला. "क्लेअर, आत बसून चाक सरळ धर गं. खालून सोडलं की ते मोकळं फिरतं. जास्त फिरलं तर आतली एअरबॅगची वायर तुटेल."

"रोज सीटच्या पट्ट्याने चाक बांधतोस ना?"

"हिचा पट्टा धड लागत न्हाय."

"दे, बाळाला मी घेते," व्हॅलेरी म्हणाली.

परकं माणूस दिसलं की बोंब ठोकणारा आठ महिन्यांचा वॉरेन तिच्या गळ्यातल्या साखळीशी खेळायला लागला. गद्दार मेला!

क्लेअर बसली. सीटला अत्तराचा वास, तिच्या हातांना फोडणीचा. दोन्ही हात चाकाला जखडलेले. तिच्या जागी तिकडे, नवऱ्याजवळ, व्हॅलेरी पोर कडेवर घेऊन उभी होती.

"काम करताना अजून गातोस का रे, मेल?"

"गातो की!" आणि खालून गाणं सुरू झालं.

हे गाणं क्लेअरने वॉरेनच्या जन्मापासून ऐकलं नव्हतं. चाकाला एक गिरकी दिली, की हिची गाडी बिघडली. नुसतं मनगट ढकललं की झालं. चाक बोटभर हललंसुद्धा.

मग तिच्या डोक्यात आलं, वायर तुटली तर ही बया परत येणार. तिने चाक हळूच जागेवर आणलं आणि असं आवळून धरलं, की नखं पांढरी पडली.

काम संपल्यावर व्हॅलेरीने एका बोटाने चाक फिरवून पाहिलं. "लोणी रे, मेल!"

"चाकांचं अलाइनमेंट तेवढं बाकी हाय. पुढच्या आठवड्यात..."

"मीरा रोडला करून घे," क्लेअर म्हणाली. "मशीन तिथेच हाय. आमच्याकडे न्हाय." आणि वॉरेनच्या मुठीतली साखळी सोडवून तिने त्याला आपल्याकडे घेतलं.

गाडी न कण्हता गेली. खांद्यावर पेंगणाऱ्या वॉरेनला सांभाळत क्लेअर दंड चोळत राहिली.

"एवढं घट्ट कशाला धरायचं?" मेल्रॉय हसला.

"परत यायला नको म्हणून."

"कोण?"

"गाडी." मग तिने विचारलं, "आता गाणं का थांबवलंस?"

त्याने तिच्या खांद्याकडे बोट केलं. "झोपलाय. तूच ओरडतेस ना रोज, हळू म्हणून?"

क्लेअरने वॉरेनच्या पाठीवर हात ठेवला. रोज तीच ओरडायची, खरं होतं.

"उठला तर उठला," ती म्हणाली. "गा."