माझ्या बाजूचं दार

आमच्या पिकअपचं डावीकडचं दार, म्हणजे माझ्या बाजूचं, वर्षानुवर्षं कधी सरळ लागलंच नाही. बिजागरीच्या पिना झिजून ते खाली लोंबायचं. लावायचं तर बाहेर उभं राहून, खालून हात घालून उचलायचं आणि मग ढकलायचं. आत बसलेल्या माणसाच्या हातून ते होत नसे. चढताना मी दाराला लोंबकळते म्हणून पिना गेल्या, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. लग्नात मला बघून, वारा आला तर उडून जाईल, म्हणाले होते, आणि आता मी म्हणे दारं मोडते!

ही गाडी घेतली तेव्हा आमचा युवराज माझ्या मांडीवर बसायचा. बेळगावच्या मार्केटात रताळी उतरवून परत येताना मी शेंगा सोलून ह्यांच्या तळहातावर ठेवायची आणि हे रस्त्यावरची नजर न काढता तोंडात टाकायचे. पुढं दार लोंबायला लागलं तसं, निघताना मी चढून बसले की हे पुढून वळसा घालून माझ्या बाजूला यायचे, दार उचलून लावायचे आणि काचेवर थाप मारून विचारायचे, "लागलं?" मी "लागलं" म्हटलं की मग जाऊन स्टिअरिंगवर बसायचे.

येळ्ळूरच्या चौकात, निपाणीला पाव्हण्यांच्या लग्नात, बेळगुंदीला माझ्या माहेरी, सगळीकडे हेच. माहेरी तर माझ्या भावजया पदर तोंडाला लावून हसायच्या. "वन्सं, तुमचा ड्रायव्हर लई चांगला हाय बघा!" ह्यांचे कान लाल व्हायचे, पण दार लावायला यायचे.

खरं सांगते, मला ते फार आवडायचं. ह्यांनी कधी गजरा आणला नाही, चारचौघांत नावानं हाक मारली नाही. पायी कुठं निघालो की हे पुढे आणि मी मागे. पण गाडीशी आलो की हे माझ्यासाठी वळसा घालायचे.

यंदा ह्यांचा खांदा धरला. दार उचलताना तोंड वेडंवाकडं व्हायचं, पण बोलून दाखवतील तर शपथ. युवराजच्या ते लक्षात आलं आणि त्यानं थेट गॅरेजवाल्या भरमू मेस्त्रीला फोन लावला. मग ह्यांना म्हणाला, "आप्पा, उद्या पिना बदलून घ्या." मीही "व्हय, घ्याच" म्हणाले. मग मात्र मनाला चुटपुट लागली. नव्या पिना बसल्यावर हे कशाला येतील माझ्या बाजूला? ह्यांचा खांदा दुखतोय आणि मला कशाचं पडलंय, असं वाटून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी भरमूनं दाराखाली फळी घालून जॅक लावला, दार तोलून धरलं, बिजागऱ्यांत ऑईल सोडलं आणि हातोडीनं ठोकून जुन्या पिना बाहेर काढल्या. एक माझ्या हातावर ठेवली. माझ्या जोडव्यासारखीच एका अंगानं झिजून पातळ झाली होती.

"काय मोठं काम न्हाय हे आक्का," नवी पिन बसवता बसवता भरमू म्हणाला. "आप्पांच्या बाजूच्या पिना मीच घातल्या की मागं. तवाच म्हटलतो, ह्या पण घालू या. तर म्हणाले, तिकडचं ऱ्हाऊ दे."

मी वळून बघितलं. हे एकदम टायरातली हवा तपासायला खाली वाकले होते. कान लालभडक.

मला हसू आलं आणि डोळेही भरले. एवढी वर्षं मी समजत होते, हौस माझी एकटीचीच.

काम झालं. भरमूनं एका बोटानं दार लावून दाखवलं. मी चढून बसले. हे स्टिअरिंगवर बसले, चावी लावली. माझं दार तसंच उघडं होतं.

"लाव की," हे म्हणाले.

"लागत न्हाय."

"आगं, नव्या पिना हाइत. बोटानं लागतंय."

"मला न्हाय लागत," मी समोर बघत म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. भरमूकडे बघितलं. मग उतरून पुढून वळसा घालून आले. सवयीनं हात दाराखाली गेला, पण उचलायला काही लागलंच नाही. दुखरा खांदा हललासुद्धा नाही आणि दार अलगद बसलं. काचेवर थाप पडली.

"लागलं?"

"लागलं."