तिसरा परिच्छेद

गटचर्चेला माणसं लागतात आठ. माझ्याकडे एकच होतं, तेही मी. विशाखापट्टणमच्या गाजुवाका भागातल्या आमच्या मागच्या खोलीत दार लावून मी आठही जणांच्या वतीनं बोलायची, स्वतःशीच वाद घालायची आणि स्वतःलाच गप्प करायची. शेजारच्या रमणम्मा एकदा अम्माला म्हणाल्या, "पोरीला सिंहाचलमच्या देवळात नेऊन आण गं. काहीतरी लागलंय तिला."

लागलं होतंच. नौदलात अधिकारी व्हायचं वेड. इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन मी निवड मंडळाच्या दारातून तीनदा परत आले होते. वयाच्या अटीत बसणारी ही चौथी खेप शेवटची. वर्गातल्या सगळ्या जणी हैदराबाद, बंगळुरूला नोकरीला लागल्या. मी फोन बंद ठेवून धावत होते, दोरावर चढत होते, वर्तमानपत्रं घोकत होते. एकटं वाटतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ही शिस्त आहे. विचारायला कोणी नव्हतंच.

रविवारी कमांडर बेहेरांकडे जायची. निवृत्तीनंतर ते व्हरांड्यात बसून आम्हा पोरांचे सराव पेपर तपासायचे. त्यातला एक भारी त्रासदायक. पंधरा मिनिटांत पाच परिच्छेद: आईवडलांना, शिक्षकांना, मित्रमैत्रिणींना तुमच्याबद्दल काय वाटतं, स्वतःला काय वाटतं, आणि पुढं कसं व्हायचंय. सर माझ्या तिसऱ्या परिच्छेदावर थांबले.

"'अडचणीत सगळ्यांना आधी माझीच आठवण येते.' कोण म्हणालं हे?"

"मैत्रीण, सर. स्वरूपा."

"कधी?"

मी वहीतल्या त्या वाक्याकडे बघितलं.

"गाईडमधलं आहे. आज तीन वह्यांत वाचलं मी हे. सगळं विशाखापट्टणम अडचणीत तुम्हा तिघांनाच शोधत फिरतं वाटतं." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तिला फोन कर. विचार. ती सांगेल ते लिही."

स्वरूपा माझी हॉस्टेलच्या खोलीतली जोडीदार. चार वर्षं एकाच डब्यातलं लोणचं खाल्लं आम्ही. सोमवारी सकाळी तिचा नंबर शोधताना लक्षात आलं, शेवटचं बोलून सव्वा वर्ष झालं होतं.

"बोल हैमा. काय काम काढलंस?"

"काम नाही गं. म्हणजे आहे. तुला माझ्याबद्दल काय वाटतं, ते लिहायचंय."

"परीक्षेत?"

"हो."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही. "मग लिही ना. हुशार आहे, जिद्दी आहे."

"खरं सांग."

"खरं?" तिनं विचारलं. "नान्ना गेले त्या दिवशी मी तुला चार फोन केले. बंद. दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज आला, सॉरी, सकाळी सराव असतो. मला वाटलं, येशील तरी. दिवसांनाही आली नाहीस. हे लिहिशील?"

तिच्या वडलांनी मला चार वर्षं दर सुट्टीत स्टेशनवर सोडलं होतं. "जेवलीस का?" असं काहीतरी विचारलं मी. ऑफिसला उशीर होतोय म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी धावायलाही गेले नाही.

महिन्याभरानं भोपाळला निवड मंडळात त्या पेपरला बसले. तिसऱ्या परिच्छेदाला गाईडचं वाक्य हाताशी तयार होतं. शेवटची खेप, उगाच धाडस कशाला, असं मनात आलंही. मग लिहिलं: माझ्या मैत्रिणीचे वडील वारले तेव्हा मी तिला सापडले नाही. तिला मी हुशार वाटते, भरवशाची वाटत नाही. तिचं बरोबर आहे.

पाचव्या दिवशी अधिकाऱ्यांनी एकच नंबर पुकारला. माझ्या छातीवरचा. बाकीच्या बावीस जणांनी टाळ्या वाजवल्या, सामान उचललं आणि बसनं स्टेशनला गेले. मी वैद्यकीय तपासणीसाठी मागे राहिले. खोलीत आठ खाटा, त्यातल्या सात गाद्या गुंडाळलेल्या. दोन वर्षं ज्याची स्वप्नं पाहिली ते मिळालं होतं, आणि 'चल, चहा घेऊ' म्हणायलाही शेजारी कोणी नव्हतं. जमा केलेला फोन परत मिळाला होता. मी नंबर लावला.

"स्वरूपा, झालं माझं."

"खरंच?" तिच्या मागे ऑफिसातली बडबड ऐकू येत होती. "अम्मा काय म्हणाल्या?"

"तिला अजून सांगितलं नाही. तुलाच आधी केला."

बडबड हळूहळू कमी झाली. ती बाहेर आली असावी.

"नान्ना गेले तेव्हा दवाखान्यात मी एकटीच होते गं," ती म्हणाली. "भाऊ दुबईत, अम्मा घरी. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी फोन हातात घेतला. मीपण तुलाच आधी केला होता, हैमा. अम्माच्याही आधी."

मग तुझ्या अम्माला लगेच कळव, वाट बघत असतील, एवढं सांगून तिनं फोन ठेवला.