फाटकावरची वेणूबाई

"नवऱ्याचं नाव?" कुमुदिनीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुंदानं पदराचं टोक दातात धरलं आणि मान वळवून मागे उभ्या असलेल्या वेणूबाईकडे पाहिलं.

"जयदेव धर्मा भोईर," वेणूबाई म्हणाली. "मांजर्लीचा. लिवा."

"त्यांना स्वतः सांगू द्या ना."

"ती कशाला सांगंल? तुमी घ्याल काय चारचौघांत नाव?"

कुमुदिनीबाईंचं लग्न व्हायचं होतं. त्या मान खाली घालून लिहू लागल्या. रांगेतल्या बाया पदराआड हसल्या आणि वेणूबाईनं एकीला डोळ्यांनीच गप्प केलं.

त्रेपन्न सालची गोष्ट. अंबरनाथच्या बरण्यांच्या कारखान्यात तेव्हा दोनशे बाया कामाला होत्या. नवीन कायद्यानं कारखान्यात लेबर ऑफिस आलं, त्यात कुमुदिनीबाई आल्या आणि त्यांच्यामागून गठ्ठेच्या गठ्ठे फॉर्म आले. ऑफिस आत, भट्टीच्या मागच्या अंगाला. तिथं एवढ्या बाया मावायच्या नाहीत, म्हणून टेबल तात्पुरतं फाटकाजवळच्या व्हरांड्यात मांडलं होतं. दोन दिवस तोच प्रकार चालला होता. बाई पुढे यायची, नाव सांगायची, गाव सांगायची आणि नवऱ्याचं नाव आलं की मुकी व्हायची. मग मागून वेणूबाई बोलायची. कोणाचा नवरा रेल्वेत सांधेवाला, कोणाचा बारवी नदीकडे भात लावतो, कोणाचा कामाला जातो म्हणून निघतो आणि गुत्त्यात बसतो, सगळं तिला तोंडपाठ. स्वतःची शाळा दुसरीत सुटलेली. सही करायची तर जीभ बाहेर काढून पाच मिनिटं लागायची.

वेणूबाई बायांची मुकादमीण. सकाळी सातला फाटकाशी उभी राहायची आणि नवीन बाई ठेवायची की परत पाठवायची हे तीच ठरवायची. तिची परीक्षा एकच होती. चाकावरून नुकती उतरलेली ओली, कच्ची बरणी ती त्या बाईच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "धर जरा, मी आलीच." मग मुद्दाम गप्पा मारत बसायची. पोरं किती, सासू कशी, नदीला पूर आला तेव्हा कुठं राहिलात. बाई बोलता बोलता बरणी छातीशी कवटाळायची, तर बरणीला बोटांचे खड्डे पडायचे. तिला वेणूबाई चहा पाजून परत धाडायची. जी बरणी खालून दोन्ही तळव्यांवर घ्यायची, तान्ह्या पोराचं डोकं धरावं तशी, ती दुसऱ्या दिवशी कामावर.

कुमुदिनीबाईंनी आल्या आल्या चौदा बाया स्वतः घेतल्या होत्या, वय, वजन, डोळे, दाखला बघून. शिकलेल्या माणसाचा कागदावर फार जीव. पंधरवड्यात वाळवणीच्या शेडमध्ये इतक्या बरण्या फुटल्या की मॅनेजरसाहेब धोतर सावरत स्वतः बघायला आले. कुमुदिनीबाई रडल्या नाहीत, हे वेणूबाईला आवडलं. त्या सरळ फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "वेणूबाई, तुम्ही बघता ते मला शिकवा."

त्यातूनच खुर्ची निघाली. लेबर ऑफिसात मदतीला एक बाई घ्यायची, कायमची. टेबलाशेजारी वेताची खुर्ची, दारावर नाव. कुमुदिनीबाईंनी मॅनेजरशी भांडून वेणूबाईसाठी जागा मागून घेतली होती.

महिपती पुरुषांचा मुकादम. त्याला हे कळल्यावर चैन कुठलं पडायला!

"काय वेणूबाय, साहेबीण होनार म्हनं. मंग आमाला चिठी धाडून भेटाया लागंल."

"चिठी धाडून पन नाय भेटायची तुला. आधी तोंड धुवून ये."

बोलायला बोलली, पण खुर्ची तिच्या मनातून जात नव्हती. सात-आठ वर्षं ती उभी होती. संध्याकाळी घोटे सुजायचे, बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. कारखान्यात साहेबापुढे बसलेली बाईमाणूस तिनं एकच पाहिली होती, ती कुमुदिनीबाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात कोणी नाही असं बघून ती त्या खुर्चीवर बसलीसुद्धा. वेत थंड लागला. समोर खिडकी होती. खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसत होतं, राखेचा ढीग दिसत होता. फाटक दिसत नव्हतं. ती लगेच उठली होती.

आता या फाटकाचं सांगायला हवं.

बेचाळीस साली तिचा नवरा कल्याणच्या अलीकडे लष्कराच्या छावणीत बराकी बांधायला जायचा. एके दिवशी ठेकेदाराच्या लॉरीतून चाळीस माणसं आसामात रस्त्याच्या कामाला निघाली, त्यात तोही चढला. लॉरीतूनच ओरडून म्हणाला, "काम हाय तवर तिकडं. काम सुटलं का आलोच." लढाई संपली, कामं सुटली, चाळिसातले नऊ परत आले. त्यांतल्या कोणी म्हणालं तापानं गेला, कोणी म्हणालं दुसऱ्या टोळीत गेला. वेणूबाईनं स्वतःशी हिशेब केला. काम नसलेला माणूस कुठं जाईल? कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहील. म्हणून तीही एका फाटकाशी जाऊन उभी राहिली. माणसं ओळखायची तिची ती नामांकित नजर तयार झाली ती अशी, रोज येणारा प्रत्येक चेहरा बघून बघून. लहानपणी बाळी ओढली जाऊन त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटली होती. फाटकाशी कोणीही आलं, की वेणूबाई आधी डावा कान बघायची. बाया हसायच्या, "वेणूबाय कान बघून मानूस घेते." हसोत.

एकदा ती छावणीतही जाऊन आली होती. त्यानं बांधलेल्या बराकींत आता सिंधी निर्वासित राहत होते, पाच नंबरच्या कॅम्पापर्यंत नुसत्या चुली आणि पापडांच्या खाटा. एका बराकीचं दार उघडलं ते मोतीबाईनं. वेणूबाईनं तिला फाटक्या कानाचा माणूस विचारला. मोतीबाईला भाषा कळली नाही, पण विचारणं कळलं, आणि ती दारातच रडायला लागली. तिचा नवरा दुकानाला कुलूप लावून येतो म्हणून तिकडेच मागे राहिला होता. वेणूबाई म्हणाली, "रडतेस कशाला? हात दाखव." आठवड्यात मोतीबाई बरण्या उचलायला लागली.

आणि फॉर्म भरायच्या दुसऱ्या दिवशी, भाकरी खाताना, हीच मोतीबाई तिला सांगत होती.

"बाई, लिखवा दो ना. मैंने भी लिखवाया, मयत. मैंने कुठं पाहिलं होतं?"

"आन् कुंकू?"

"कागद पे मयत. मन में थोडी." तिनं लोणच्याची फोड वेणूबाईच्या भाकरीवर ठेवली. "खुर्ची मिलेगी. पाय बघ तुझे, भोपळा झालेत."

वेणूबाईनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

दुपारी चारला शेवटची बाई झाली. कुमुदिनीबाईंनी एक कोरा फॉर्म पुढे ओढला, वेताची खुर्ची स्वतः उचलून टेबलासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. आता तुमचा."

वेणूबाई बसली. तिच्या बाया भिंतीला टेकून बघत राहिल्या. पलीकडे फाटकाशी महिपतीची रांग लागली होती, रात्रपाळीच्या कामासाठी आलेले दहाबारा पुरुष, पाठमोरे.

"नाव, वेणूबाई. गाव, बदलापूर." कुमुदिनीबाई लिहीत गेल्या आणि थांबल्या. त्यांनी सवयीनं मागे, वेणूबाईच्या रोजच्या जागेकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. भिंतीशी दहा बाया होत्या. त्यांतल्या एकीलाही ते नाव माहीत नव्हतं. फाटका कान सगळ्यांना माहीत होता.

"मॅनेजर म्हणतात, कायमच्या जागेला नवऱ्याची संमतीची सही पाहिजे. नाहीतर मयत." त्यांनी आवाज खाली आणला. "वेणूबाई, सात वर्षं खबर नसली तर कायदाही माणूस गेला असंच धरतो. तुमची तर अकरा झाली. तुम्ही फक्त हो म्हणा. मी लिहिते."

"कायद्यानं बघितलाय काय त्याला?"

"नाही."

"मंग?"

कुमुदिनीबाईंनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. वेणूबाईनं खुर्चीच्या हातांवर तळवे ठेवले. वेत गुळगुळीत होता. दोन दिवसांत दोनशे नवऱ्यांची नावं तिनं घेतली होती, हजेरी घ्यावी तशी, आणि आता स्वतःच्या नवऱ्याचं घ्यायचं होतं. अकरा वर्षांत तिनं हे नाव देवापुढेसुद्धा उच्चारलं नव्हतं.

मग ती एकदम, फाटकाकडे तोंड करून, सकाळी हजेरीला देते तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"हिरामन राघो शेलार!"

व्हरांडा दणाणला. महिपतीनं दचकून मागे पाहिलं. रांगेतल्या एकानं विडी टाकली आणि पायानं विझवली. बाकी कोणी मान वळवली नाही.

वेणूबाई थांबली. मोतीबाईनं तोंडावर पदर धरला होता. भट्टीवरून एक कावळा उडाला, तो पार लांब जाईपर्यंत ती थांबली.

"हिरामण राघो शेलार," कुमुदिनीबाई हलकेच म्हणाल्या. "पुढे काय लिहू?"

"हयात."

"मग सही लागेल."

"तो आला का करील."

"वेणूबाई, जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल. मी फार दिवस नाही थांबवू शकणार."

"नका थांबवू. कुंदाला घ्या. चौथी झालीया, नवरा सही करंल, आन् बरनी खालून धरते." ती उठली. उठताना गुडघा कटकन वाजला. पदरानं तिनं खुर्चीची बैठक पुसली, नीट, कडेकडेनं, आणि खुर्ची होती तशी टेबलाला लावून ठेवली. "बरनी कशी बघायची ते मी शिकवीन तिला. आन् तुमाला पन. त्याला खुर्ची नाय लागत."

कुमुदिनीबाईंनी हयातवर टीपकागद ठेवला आणि फॉर्म बाजूला काढला, सहीची जागा कोरी ठेवून.

वेणूबाई पायऱ्या उतरून फाटकाशी आपल्या जागेवर गेली. महिपती काहीतरी टोमणा मारणार होता, पण त्यानं तो गिळला आणि सरकून तिला जागा दिली. तेवढ्यात स्टेशनाकडून एक उपरा माणूस आला. अंगावर धूळ, काखेत वळकटी. बायांची रांग कुठली, पुरुषांची कुठली हे त्याला कळेना.

"काम हाय का वो बाय?"

वेणूबाईनं आधी त्याचा कान पाहिला. मग हात.

"पलीकडं," ती म्हणाली. "महिपतीला ईचार. आन् जेवला नसशील तर आधी जेव."